मुख्याध्यापकांची परीक्षा

जून महिना जवळ आला कीं शहरांतील प्रत्येक घरांत एकच चौकशी सुरू होते. मुलाला कोणत्या शाळेंत घालावें? शेजारीपाजारी, आप्तइष्ट, कचेरींतील सहकारी, सर्वांकडून बहुधा एकच उत्तर मिळतें : अमक्या शाळेचा निकाल शेंकडा ९८ लागला आहे, तेथेंच घाला. त्या शाळेच्या दारावर निकालाची पाटी असते, पाटीखालीं गुणवंत विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें असतात आणि संस्थेच्या चालकांच्या सभेंत मुख्याध्यापकांना जो पहिला प्रश्न विचारला जातो, तोहि याच आंकड्याविषयीं असतो. शाळेंत परीक्षा होते ती फक्त मुलांची, असा आपला समज आहे. वस्तुतः ज्या मनुष्याच्या दारावर 'मुख्याध्यापक' अशी पाटी लावलेली असते, त्याचीहि परीक्षा बारा महिने चालूंच असते. ती कोण घेतो, कोणत्या मापानें घेतो, आणि त्या मापाचा वर्गांत बसलेल्या मुलाच्या विद्येवर काय परिणाम होतो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. आजच्या भाषणांत तोच थोडा करावयाचा आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. मुख्याध्यापक स्वतः फारसे तास घेत नाहींत. त्यांचा बहुतेक वेळ कागदपत्रें, पगारपत्रकें, पालकांच्या तक्रारी आणि वरिष्ठांचीं पत्रें यांत जातो. मग त्यांच्या बरेवाईटपणाचा मुलांच्या शिक्षणाशीं संबंध तो कितीसा असणार? ही शंका रास्त आहे. परंतु गेल्या वीसपंचवीस वर्षांत जमा झालेला पुरावा तिच्याविरुद्ध जातो. २००४ सालीं अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनीं तोंपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हां असें दिसून आलें कीं, शाळेच्या हातांत असलेल्या ज्या ज्या गोष्टींचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, त्यांत वर्गांतील अध्यापनाच्या खालोखाल मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाचा क्रम लागतो. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांतील शाळांवरून अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें उत्तम मुख्याध्यापकाच्या शाळेंतील सामान्य विद्यार्थी एका वर्षांत २ ते ७ महिन्यांच्या शिक्षणाइतका पुढें जातो, आणि निकृष्ट मुख्याध्यापकाच्या शाळेंतील तितकाच मागें पडतो. २०२१ सालीं झालेल्या आणखी एका विस्तृत आढाव्यांत हेंच प्रमाण थोडें सावधपणें मांडलेलें आहे. शंभर मुख्याध्यापक गुणानुक्रमें उभे केले आणि खालून पंचविसाव्याच्या जागीं खालून पंचाहत्तरावा नेमला, तर मुलांना वर्षाकाठीं गणितांत सुमारें २.९ महिन्यांचें आणि वाचनांत सुमारें २.७ महिन्यांचें अधिक शिक्षण मिळतें.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. शिक्षक हा एका वर्गाचा असतो. मुख्याध्यापक सर्व वर्गांचा. चांगला शिक्षक शाळेंत येईल कीं नाहीं, आलेला टिकेल कीं नाहीं, नवशिक्या शिक्षकाला कोणी हात धरून शिकवील कीं नाहीं, तास वेळेवर सुरू होईल कीं नाहीं, दुबळ्या मुलाकडे कोणी लक्ष देईल कीं नाहीं, हें सर्व त्या एका जागेवर अवलंबून असतें. तीसचाळीस मुलांचें बरेंवाईट करणारा मनुष्य जर आपण पारखून घेतों, तर पांचशें मुलांचें बरेंवाईट करणारा मनुष्यहि पारखूनच घेतला पाहिजे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. दुमत होतें तें पारख कशी करावी याविषयीं.

सर्वांत सोपें माप निकालाचें. आणि तें जुनेंहि आहे. १८६२ सालीं इंग्लंडमध्यें रॉबर्ट लो या मंत्र्यानें शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलांत आणले. प्रत्येक मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला ४ शिलिंग मिळावयाचे आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत तें मूल तपासनिसापुढें उत्तीर्ण झालें तर आणखी ८ शिलिंग. एका विषयांत मूल अडखळलें कीं २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. पुष्कळ ठिकाणीं शाळेचे चालक मुख्याध्यापकाचा पगारहि याच रकमेशीं जोडून टाकीत. शिक्षण एक तर स्वस्त होईल नाहीं तर कार्यक्षम होईल, असा लो साहेबांचा युक्तिवाद होता आणि ऐकावयास तो बिनतोड होता. पण प्रत्यक्षांत काय झालें? जे विषय परीक्षेंत नव्हते, त्यांना शाळेंत थारा राहिला नाहीं. वाचनाचें पुस्तक ठरलेलें असल्यामुळें मुलें तें पाठच करीत. कवि व टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे त्या वेळीं शाळा-तपासनीस होते. मुलाला खरोखर वाचतां न येतांहि त्याला वाचनाच्या परीक्षेंत उत्तीर्ण करतां येतें, हें त्यांनीं आपल्या अहवालांतून वारंवार दाखवून दिलें. १८९० नंतरच्या दशकांत ही पद्धति हळूहळू मोडीत काढण्यांत आली. पण तोंपर्यंत एक सबंध पिढी तिच्याखालून गेली होती.

आपल्या मुंबई इलाख्यांतहि १८६० नंतरच्या दशकांत खाजगी शाळांच्या अनुदानाला हेंच तत्त्व लावण्यांत आलें. दिपोटीसाहेब तपासणीस येणार म्हणजे शाळेंत सणासारखी धांदल उडावयाची, तिचें एक कारण हेंहि होतें. त्यांच्या शेऱ्यावर शाळेचें पोट अवलंबून असे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें सादर केलेल्या आपल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं या पद्धतीचें वर्म नेमकें ओळखलें होतें. ज्या गरीब व अशिक्षित लोकांत विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाहीं, त्यांच्यांत शिक्षणप्रसार करण्यास ही निकालाची पद्धति मुळींच योग्य नाहीं. कारण अशा लोकांत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून आपलें पोट भरणें कोणाहि शिक्षकाला शक्य होणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. या म्हणण्याचा अर्थ आजहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. निकाल मोजून बक्षीस दिलें म्हणजे शिक्षक आणि मुख्याध्यापक जेथें निकाल सहज लागतो तेथें जातात. जेथें त्यांची खरी गरज आहे तेथून ते दूर पळतात.

हा सर्व जुना इतिहास झाला, असें कोणी म्हणेल. तर मग अलीकडचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील अटलांटा शहरांत शाळांना दरवर्षीं परीक्षेंतील गुणांचीं उद्दिष्टें नेमून दिलेलीं असत आणि तीं गाठलीं नाहींत तर मुख्याध्यापकाची जागा जाईल, अशी धास्ती असे. गुण वाढूं लागले, शहराची वाहवा झाली. पुढें उत्तरपत्रिकांवर खाडाखोडीच्या खुणा फारच आढळूं लागल्या आणि चुकीचीं उत्तरें खोडून त्यांजागीं बरोबर उत्तरें लिहिलेलीं सांपडलीं. राज्य सरकारनें चौकशी केली. २०११ च्या अहवालाप्रमाणें तपासलेल्या ५६ शाळांपैकीं ४४ शाळांत लबाडी झाली होती आणि तींत १७८ शिक्षक व अधिकारी गुंतले होते. त्यांत ३८ मुख्याध्यापक होते. २०१५ सालीं ११ जणांना न्यायालयानें दोषी ठरविलें. या प्रकरणांत नुकसान झालें तें केवळ अब्रूचें नव्हे. ज्या मुलाला वाचतां येत नव्हतें, त्याला कागदोपत्रीं वाचतां येऊं लागलें. त्यामुळें जादा शिकवणीची जी मदत त्याला मिळावयाची, ती मिळाली नाहीं. खोट्या गुणांचा दंड अखेर त्या मुलानेंच भरला.

सर्वच मुख्याध्यापक लबाड असतात, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. लबाडी न करतांहि निकाल वाढवितां येतो, आणि तो मार्ग आपल्या पालकांनाहि अगदींच अपरिचित नाहीं. नववीच्या वर्गांतच दुबळ्या मुलाला अडकवून ठेवावें. किंवा पालकांना बोलावून, "याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा," असा सल्ला द्यावा. जें मूल शाळेच्या वतीनें परीक्षेला बसलेंच नाहीं, तें नापास कसें होणार? पाटीवरचा आंकडा वाढला. पण तो कोणीं शिकविल्यानें वाढला नाहीं, कोणाला तरी वगळल्यानें वाढला.

येथें एक साधा हिशेब मांडून पाहूं. दोन शाळा कल्पनेंत घ्या. पहिल्या शाळेंत सुशिक्षित घरांतील, आधींच शेंकडा ८० गुण मिळविणारीं मुलें येतात आणि शाळा सोडतांना त्यांना ८५ मिळतात. दुसरींत जीं मुलें येतात त्यांना शेंकडा ३५ मिळत असतात आणि बाहेर पडतांना त्यांना ६० मिळतात. पाटी पहिल्या शाळेचीच मोठी लागेल. पण अधिक शिकविलें कोणीं? पहिलीनें ५ गुण वाढविले, दुसरीनें २५. म्हणून विचारी लोक म्हणतात कीं, शेवटचे गुण मोजूं नका, वाढ मोजा. ही सूचना पुष्कळ अंशीं योग्य आहे. २००९ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें 'रेस टु द टॉप' नांवाची स्पर्धात्मक अनुदान-योजना काढली, तेव्हां मुख्याध्यापकांचें मूल्यमापन करतांना विद्यार्थ्यांच्या प्रगतीला महत्त्वाचें स्थान द्यावें, असें त्या योजनेचें धोरण होतें आणि अनेक राज्यांनीं त्याप्रमाणें कायदे केले.

परंतु वाढ मोजली तरी ती कोणाच्या नांवावर मांडावयाची, हा प्रश्न उरतोच. काल रुजू झालेल्या मुख्याध्यापकाला शिक्षक मिळतात ते त्याच्या पूर्वीच्या मनुष्यानें निवडलेले. त्यानें स्वतः लावलेल्या झाडाला फळ येण्यास कांहीं वर्षें लागतात. पूर्वीच्या चांगल्या माणसाचें यश त्याच्या पदरांत पडतें, किंवा पूर्वीच्या वाईट माणसाचें पाप त्याच्या माथीं बसतें. लहान शाळेंत तर पांचसहा मुलें आजारी पडलीं तरी सबंध वर्षाचा आंकडा कोसळतो. २०१५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं मुख्याध्यापकांचें काम गुणांवरून मोजण्याच्या निरनिराळ्या रीती एकमेकींशीं ताडून पाहिल्या, तेव्हां असें आढळलें कीं, रीत बदलली म्हणजे मुख्याध्यापकांचा क्रमहि बदलतो. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या नव्या कायद्यानें तेथील मध्यवर्ती सरकारनें हा आग्रह सोडला आणि मूल्यमापन कसें करावें हें राज्यांवर सोंपविलें.

मग आंकडे सोडून डोळ्यांनींच पाहावें, म्हणजे तपासणी करावी, असें कोणी म्हणेल. इंग्लंडमध्यें १९९२ च्या कायद्यानें 'ऑफस्टेड' हें स्वतंत्र तपासणी खातें स्थापन झालें. त्याचे तपासनीस शाळेंत एकदोन दिवस राहून सर्व अंगें पाहात. परंतु शेवटीं सबंध शाळेवर एकाच शब्दाचा शिक्का बसे : उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, किंवा असमाधानकारक. तो एक शब्द वर्तमानपत्रांत छापला जाई, त्यावरून पालक शाळा निवडीत आणि घरांच्या किंमतीहि चढत-उतरत. २०२२ च्या नोव्हेंबरांत एका प्राथमिक शाळेची अशी तपासणी झाली. अध्यापन चांगलें, मुलांची वागणूक चांगली, असें तपासनिसांचें मत होतें. तथापि मुलांच्या सुरक्षिततेच्या व्यवस्थेंत त्यांना दोष आढळले, आणि एकेकाळीं 'उत्कृष्ट' असलेल्या शाळेवर 'असमाधानकारक' असा शिक्का पडणार हें ठरलें. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वींच, २०२३ च्या जानेवारींत, तेथील मुख्याध्यापिकेनें आत्महत्या केली. त्या तपासणीचा या मृत्यूला हातभार लागला, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिला. २०२४ च्या सप्टेंबरांत सरकारी शाळांसाठीं एका शब्दाचा शेरा बंद करण्यांत आला आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक अंगाचा स्वतंत्र निर्णय देणारें प्रगतिपत्रक सुरू झालें. सुरक्षिततेंतील दोष दाखविणें हें तपासनिसांचें कर्तव्यच होतें, याबद्दल वाद नाहीं. वाद आहे तो शंभर गोष्टींचा निवाडा एका शब्दांत करावा कीं काय, याबद्दल. आपण मुलाच्या प्रगतिपत्रकावरहि विषयवार गुण मागतों. मग शाळेला एकच शब्द कसा पुरावा?

आतां तिसरी गोष्ट. मापांत जें लिहिलेलें असतें, तेंच लोक करूं लागतात. अमेरिकेंतील मायामी परिसरांतील सुमारें शंभर मुख्याध्यापकांच्या मागें निरीक्षक दिवसभर फिरले आणि त्यांचा वेळ कसा जातो याची त्यांनीं नोंद केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत असें दिसलें कीं, अध्यापनाशीं संबंध असलेल्या कामांना त्यांच्या वेळाचा फक्त आठवा हिस्सा मिळतो. आणि त्यांतहि एक विलक्षण गोष्ट आढळली. वर्गांवर्गांतून नुसती फेरी मारून येणें, दारांत दोन मिनिटें उभें राहाणें, याचा मुलांच्या प्रगतीला उपयोग झालेला दिसला नाहीं. उलट जेथें अशा फेऱ्या अधिक, तेथें प्रगति कमी असें आढळलें. ज्या मुख्याध्यापकांनीं शिक्षकांजवळ बसून त्यांचें अध्यापन सुधारण्यास मदत केली, त्यांच्या शाळांतील मुलें मात्र अधिक पुढें गेलीं. २००८ सालीं न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांचे सहकारी यांनीं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षहि याच दिशेचा आहे. मुख्याध्यापकांच्या सर्व कामांत मुलांच्या विद्येवर सर्वांत मोठा परिणाम होतो तो शिक्षकांच्या शिकण्याला उत्तेजन देण्याचा, आणि स्वतः त्यांच्याबरोबर शिकावयास बसण्याचा. आतां विचार करा. मूल्यमापनाच्या कागदावर जर 'महिन्यांत किती वर्गभेटी दिल्या?' असा रकाना असेल, तर मुख्याध्यापक फेऱ्या मारतील आणि शेरेबुक भरतील. 'त्या भेटीनंतर शिक्षकाच्या शिकविण्यांत काय फरक पडला?' असा प्रश्न असेल, तरच ते खुर्ची ओढून शिक्षकाजवळ बसतील.

यावर कोणी म्हणेल कीं, धाक नको, पैशाचा संबंध नको. शाळेनें आपलें मूल्यमापन शांतपणें करावें आणि सुधारणेचा आराखडा तयार करावा, म्हणजे झालें. हाहि प्रयोग आपल्या देशांत होऊन गेला आहे. मध्य प्रदेशांत सरकारी शाळांची सविस्तर तपासणी करून प्रत्येक शाळेसाठीं सुधारणेची योजना लिहिण्याचा मोठा उपक्रम राबविण्यांत आला. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन व अभिजित सिंग यांनीं, ज्या शाळांत तो झाला त्यांची तुलना ज्या शाळांत तो झाला नव्हता त्यांच्याशीं केली. तपासण्या खरोखरच झाल्या होत्या, आराखडे व्यवस्थित लिहिले गेले होते; परंतु शिक्षकांच्या हजेरींत, अधिकाऱ्यांच्या देखरेखींत किंवा मुलांच्या विद्येंत कांहींहि फरक पडला नव्हता. कागद पूर्ण झाले म्हणजे काम पूर्ण झालें, असें सर्वांनीं मानलें. तरीहि ही पद्धति यशस्वी समजून तिच्या धर्तीवरील कार्यक्रम पुढें देशांतील सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेण्यांत आला. जेथें मूल्यमापनांतून धास्तीच उत्पन्न होते तेथें खोटे आंकडे पिकतात, आणि जेथें त्यांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं तेथें फायली वाढतात. या दोहोंच्या मधून वाट काढावयाची आहे.

अशी वाट नाहींच असें नाहीं. २०११ पासून अमेरिकेंतील सहा मोठ्या शालेय विभागांत, न्यूयॉर्क त्यांपैकीं एक, मुख्याध्यापकांचा प्रश्न मुळापासून हातीं घेण्यांत आला. चांगल्या मुख्याध्यापकाला काय काय करतां आलें पाहिजे हें आधीं स्पष्ट लिहिलें, त्याप्रमाणें उमेदवारांना शिकविलें, त्याप्रमाणेंच निवडलें, आणि नेमणूक झाल्यावर त्याच गोष्टींवरून त्यांचें मूल्यमापन केलें. महत्त्वाचा भाग पुढेंच आहे : मूल्यमापनांत जी उणीव दिसेल, ती भरून काढण्यासाठीं अनुभवी मार्गदर्शक त्यांच्या मदतीला दिला. २०१९ सालीं या योजनेचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसलें कीं, नवा मुख्याध्यापक येऊन तीन वर्षें झाल्यावर या विभागांतील शाळा इतर तशाच शाळांच्या तुलनेनें शंभरांच्या क्रमवारींत वाचनांत ६ हून अधिक आणि गणितांत जवळजवळ ३ स्थानें वर गेल्या होत्या. हा चमत्कार नव्हे. परंतु हजारों मुलांच्या बाबतींत तीन वर्षांत एवढा फरक पडणें ही लहानसहान गोष्टहि नव्हे. तेथें मूल्यमापन हा शेवट नव्हता, ती मदतीची सुरुवात होती. वैद्य नाडी पाहातो ती औषध देण्यासाठीं. नुसती नाडी पाहून निघून जाणाऱ्या वैद्याला आपण दुसऱ्यांदां बोलावीत नाहीं.

तेव्हां मुख्याध्यापकांची परीक्षा घ्यावी काय? अवश्य घ्यावी. त्यांना परीक्षेंतून मोकळें सोडणें हा मुलांवर अन्याय होईल. पण ती एका आंकड्यावर किंवा एका शब्दावर घेऊं नये. मुलें कोठून निघालीं आणि कोठें पोंचलीं हें पाहावें, आणि तें एका वर्षाचें नव्हे तर तीनचार वर्षांचें पाहावें. त्यांच्या हाताखालील शिक्षकांना काय वाटतें हें विचारावें. कारण वरिष्ठांना जें दिसत नाहीं तें त्यांना रोज दिसतें. जाणत्या माणसानें शाळेंत जाऊन स्वतः पाहावें. आणि या तिन्ही पाहाण्यांतून जें निघेल, तें सुधारण्यासाठीं साधन व सोबत द्यावी. एवढें करूनहि जेथें सुधारणा होत नाहीं, तेथें मनुष्य बदलावा. पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

हें काम सरकारचें आणि संस्थाचालकांचें, आपलें त्यांत काय, असें म्हणून श्रोत्यांनीं बाजूला होऊं नये. चालक निकालाची पाटी रंगवितात ती आपण वाचतों म्हणून. पुढच्या जूनमध्यें आपण एखाद्या शाळेंत चौकशीला जाल, तेव्हां निकालाचा आंकडा अवश्य विचारा. पण त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. नववींत बसलेल्यांपैकीं किती मुलें दहावीला शाळेच्या वतीनें बसलीं? गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक शाळा सोडून गेले? मागें पडलेल्या मुलासाठीं शाळा काय करते? आणि मुख्याध्यापक शिक्षकांबरोबर शेवटचे केव्हां शिकावयास बसले होते? पहिल्या वर्षीं या प्रश्नांचीं उत्तरें कदाचित् नीट मिळणार नाहींत. परंतु शंभर पालकांनीं तेच प्रश्न विचारले, तर मुख्याध्यापकांना त्यांचीं उत्तरें तयार ठेवावीं लागतील. आणि उत्तरें तयार ठेवण्यासाठीं शाळेंत तशीं कामेंहि करावीं लागतील. मग त्यांची परीक्षा आपण योग्य मापानें घेतली, असें म्हणतां येईल, आणि तिचा लाभ मागच्या बाकावर बसलेल्या मुलालाहि मिळेल.